येणं बाकी : मारिओ लेमियूची कारकीर्द आणि आपला हिशेब



आरोग्य आणि अर्थ या सदरात आइस हॉकीपटूवरचा लेख पाहून संपादकांनी चुकीचं पान जोडलं की काय, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. थोडा धीर धरा, पान बरोबर आहे.

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, पॉटलकच्या रांगेत ताट हातात घेऊन मी उभा होतो. माझ्या पुढे आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ काका होते. ते १९८३ साली पिट्सबर्गला आले, धातुशास्त्राचे इंजिनियर. "नवी नोकरी कशी आहे रे?" असं त्यांनी विचारलं आणि मी मनातली सगळी मळमळ ओकून टाकली. माझी आधीची कंपनी छोटी होती. तिथे एका वर्षी बोनस देताना, "आत्ता घेण्याऐवजी पुढच्या वर्षी घ्या, वाढवून देऊ" असं सांगण्यात आलं. १८,००० डॉलरची रक्कम होती. मी आनंदाने सही केली. पुढच्या वर्षी बोनस आला नाही, कोर्टाचं पत्र आलं. कंपनीने दिवाळं जाहीर केलं होतं आणि पत्रात माझा उल्लेख 'अनसिक्युअर्ड क्रेडिटर' असा होता. म्हणजे विनातारण धनको. पैसे येणं आहेत, पण त्यामागे तारण काहीच नाही.

काका हसले. म्हणाले, "अरे, मग तू आणि मारिओ एकाच रांगेतले की!"

मारिओ म्हणजे मारिओ लेमियू. या गावात दहा वर्षं राहून ६६ नंबरचे जर्सी घातलेली माणसं मी हजारदा पाहिली होती. पण हा मोठा खेळाडू एके काळी माझ्यासारखाच दिवाळखोर मालकाकडे पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत उभा होता, हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचायला लागलो आणि आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

बर्फावरचा मुलगा

ज्यांच्या घरात हॉकी बघितली जात नाही त्यांच्यासाठी चार ओळी. आइस हॉकीत प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळ इतका दमवणारा की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून खेळाडू बाकावर येतो आणि दुसरा आत जातो. गोल केला की खेळाडूला एक गुण आणि गोलला हातभार लावला, म्हणजे 'असिस्ट' दिला, तरी एक गुण. एका सामन्यात सरासरी एक गुण मिळवणारा फॉरवर्ड उत्तम समजला जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मारिओचा जन्म ५ ऑक्टोबर १९६५ चा, माँट्रियलमधल्या कामगार वस्तीतला. वडील बांधकामावर काम करायचे. घरात तीन मुलगे, तिघांनाही हॉकीचं वेड. आई-वडिलांनी घरातल्या जमिनीवर बर्फ थापून पोरांना आतच स्केटिंग करू दिलं, अशी गोष्ट त्या घराबद्दल आवर्जून सांगितली जाते. आपल्याकडे गॅलरीत क्रिकेट खेळणारी मुलं आणि फुटलेल्या काचा आठवल्या तर त्या माउलीच्या सहनशक्तीचा अंदाज येईल.

ज्युनियर हॉकीतल्या शेवटच्या हंगामात, १९८३-८४ मध्ये, लाव्हाल संघाकडून ७० सामन्यांत त्याने १३३ गोल केले आणि २८२ गुण मिळवले. म्हणजे सामन्याला चार गुण. जून १९८४ मध्ये एनएचएलच्या निवडीत पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्याला पहिल्या क्रमांकाने उचललं. निवडीचा समारंभ माँट्रियललाच होता. पण कराराची बोलणी अडकली होती, म्हणून अठरा वर्षांच्या या मुलाने भर समारंभात संघाचा जर्सी अंगावर चढवला नाही आणि व्यवस्थापकाशी हस्तांदोलनही केलं नाही. त्याच्यावर खूप टीका झाली. काही दिवसांनी करार झाला आणि तो पिट्सबर्गला आला.

इंग्रजी जेमतेम. सुरुवातीला तो एका स्थानिक कुटुंबाच्या घरी राहिला आणि टीव्हीवरच्या मालिका बघून इंग्रजी सुधारली. आपल्यापैकी कितीतरी जणांची पहिली वर्षं अशीच गेली असतील.

काकांचं पिट्सबर्ग

काका सांगतात, "त्या वेळी या गावाची रयाच गेली होती." पोलादाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि हजारो लोक बेकार होते. पेंग्विन्स हा तर लीगमधला तळाचा संघ. १९७५ साली एकदा दिवाळखोरीत निघालेला, आणि १९८३-८४ च्या हंगामात सामन्याला सरासरी सात हजारसुद्धा प्रेक्षक न जमवणारा. संघ हलवणार, बंद होणार, अशा वावड्या रोज उठायच्या.

११ ऑक्टोबर १९८४ रोजी बॉस्टनविरुद्ध मारिओ पहिल्यांदा बर्फावर उतरला. पहिल्याच पाळीत त्याने रे बोर्क या नामांकित बचावपटूकडून चकती हिसकावली, एकट्याने धाव घेतली आणि एनएचएलमधल्या आपल्या पहिल्याच फटक्यावर गोल केला. त्या हंगामात त्याने बरोबर १०० गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक पटकावला.

सहा फूट चार इंच उंची, लांब हात, आणि इतक्या मोठ्या देहाचा माणूस इतका हळुवार खेळतो यावर विश्वास बसू नये असा खेळ. 'ल मियू' याचा फ्रेंचमध्ये अर्थच 'सर्वोत्तम' असा होतो. तेव्हा नावाला जागणं म्हणजे काय ते त्याने दाखवून दिलं. १९८७ च्या कॅनडा कपमध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात वेन ग्रेट्स्कीच्या पासवर शेवटच्या मिनिटांत त्याने विजयी गोल केला. १९८८-८९ च्या हंगामात ७६ सामन्यांत ८५ गोल, ११४ असिस्ट, एकूण १९९ गुण. सरासरी २.६२! ३१ डिसेंबर १९८८ ला न्यू जर्सीविरुद्ध त्याने पाच गोल केले आणि तेही पाच वेगवेगळ्या प्रकारांनी : दोन्ही बाजू समसमान असताना, आपला एक गडी जास्त असताना, आपला एक गडी कमी असताना, पेनल्टी फटक्यावर, आणि प्रतिस्पर्ध्याची गोलजाळी रिकामी असताना. असा पराक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही.

पाठीने काढलेला आवाज

आता आरोग्याकडे येऊ.

१९८९-९० मध्ये सलग ४६ सामन्यांत त्याने किमान एक तरी गुण मिळवला. पण त्या मालिकेच्या शेवटी पाठदुखीने तो इतका बेजार झाला की सामना अर्धवट सोडावा लागला. मणक्याची चकती सरकली होती. जुलै १९९० मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर पाठीत जंतुसंसर्ग झाला आणि कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळला. पुढच्या हंगामातले पहिले ५० सामने गेले. जानेवारी १९९१ च्या अखेरीस तो परतला तेव्हा खाली वाकून स्केटची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. संघाचा सामान सांभाळणारा माणूस ती बांधून द्यायचा.

अशा पाठीवर त्याने १९९१ च्या प्लेऑफमध्ये २३ सामन्यांत ४४ गुण मिळवले. पेंग्विन्सने पहिला स्टॅनली कप जिंकला. १९९२ मध्ये दुसरा. दोन्ही वर्षी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मारिओच.

नाडी बांधण्याचा हा प्रसंग वाचताना मी थांबलो. कंपनी बंद पडली तेव्हा मी एच-१ व्हिसावर होतो. नोकरी गेल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बोजा-बिस्तरा आवरायचा. रोज बारा-बारा तास खुर्चीत बसून अर्ज आणि मुलाखती. कंबर धरली, उजव्या पायात कळा जायला लागल्या, आणि तरी "नोकरी लागली की बघू" असं म्हणत मी डॉक्टरांकडे जाणं टाळलं. मोजे बायको घालून द्यायची. बावन्नाव्या दिवशी नोकरी लागली. कंबर ठीक व्हायला मात्र आठ महिने लागले.

२ मार्च १९९३

ऑक्टोबर १९९२ मध्ये मारिओने सात वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. वय २७. त्या हंगामात पहिल्या ४० सामन्यांत १०४ गुण. सगळे विक्रम मोडणार अशी चिन्हं होती.

जानेवारी १९९३ मध्ये मानेतली एक गाठ काढून तपासली. निदान झालं हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. करारावरची शाई वाळून जेमतेम तीन महिने झाले होते.

सुदैवाने रोग प्राथमिक अवस्थेत होता. फेब्रुवारीभर रेडिएशनचे उपचार चालले. २ मार्चच्या सकाळी शेवटचा उपचार घेतला, दुपारी विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि संध्याकाळी सामना खेळला. एक गोल, एक असिस्ट. फिलाडेल्फिया म्हणजे पिट्सबर्गचा कट्टर वैरी, तिथले प्रेक्षक तर पाहुण्या संघाला शिव्या घालण्यासाठी प्रसिद्ध. त्या रात्री ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकांनी तो सामना टीव्हीवर बघितला होता. ते म्हणतात, "घरात आम्ही दोघंच होतो, पण आम्हीही उठून उभे राहिलो."

तो परतला तेव्हा गुणांच्या यादीत बफेलोचा पॅट लाफाँटेन त्याच्या १२ गुणांनी पुढे होता. हंगाम संपला तेव्हा मारिओ १२ गुणांनी पुढे होता. उरलेल्या २० सामन्यांत त्याने ५६ गुण मिळवले. पेंग्विन्सने त्या वसंतात सलग १७ सामने जिंकून लीगचा विक्रम केला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते आणि मग 'जिद्द असेल तर काय अशक्य आहे' असं तात्पर्य निघतं. पण पुढची दोन वर्षंही सांगायला हवीत. जुलै १९९३ मध्ये पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया. १९९३-९४ मध्ये केवळ २२ सामने. आणि १९९४-९५ चा संपूर्ण हंगाम तो खेळलाच नाही. रेडिएशननंतरचा थकवा आणि पाठ, दोन्हींसाठी त्याने विश्रांती घेतली. शरीराचं येणं होतं ते शरीराने वसूल केलं.

त्या विश्रांतीनंतरच्या १९९५-९६ च्या हंगामात ७० सामन्यांत १६१ गुण आणि पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू! माझ्या दृष्टीने २ मार्चपेक्षाही हा आकडा जास्त शिकवणारा आहे. त्या रात्रीच्या टाळ्या सगळ्यांना आठवतात, पण एक अख्खं वर्ष घरी बसण्याला लागणारं धैर्य कोणी मोजत नाही.

एप्रिल १९९७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. शेवटचा सामना योगायोगाने फिलाडेल्फियातच होता आणि तिथल्या प्रेक्षकांनी पुन्हा उभं राहून निरोप दिला. त्या दिवशीचा हिशेब : ७४५ सामने, ६१३ गोल, ८८१ असिस्ट, १४९४ गुण. सामन्याला दोनापेक्षा किंचित जास्त. हॉल ऑफ फेममध्ये घेण्यासाठी तीन वर्षं थांबण्याचा नियम असतो. त्याच्यासाठी तो बाजूला ठेवून त्याच वर्षी त्याला घेतलं गेलं.

सव्वातीन कोटींची रांग

आणि आता पैशांकडे.

संघाची आर्थिक स्थिती कधीच भक्कम नव्हती. खेळाडूंचे पगार वाढत होते आणि रोख रक्कम अपुरी पडत होती. म्हणून मारिओच्या पगारातला मोठा भाग 'नंतर देऊ' या बोलीवर पुढे ढकलला गेला होता. याला 'डिफर्ड कॉम्पेन्सेशन' म्हणतात. यात बेकायदेशीर काही नाही, आणि करही पुढे जात असल्याने कमावणाऱ्यालाही ते सोयीचं वाटतं. कागदावर मारिओ लक्षाधीश नव्हे, कोट्यधीश होता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये पेंग्विन्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, चॅप्टर ११ खाली. त्या दिवशी मारिओचं येणं सुमारे सव्वातीन कोटी डॉलर होतं आणि विनातारण धनकोंमध्ये तो सगळ्यांत मोठा होता.

दिवाळखोरीत पैसे कसे वाटले जातात ते समजून घेऊ. आपल्या लग्नाच्या पंगतीसारखंच आहे. पहिल्या पंगतीला तारण असलेले धनको बसतात, म्हणजे ज्यांच्याकडे इमारत, यंत्रं किंवा करारातले हक्क गहाण आहेत ते. मग कायद्याने ज्यांना अग्रक्रम दिला आहे ते, म्हणजे खटल्याचा खर्च, काही कर, आणि कामगारांचा अलीकडचा थकलेला पगार एका मर्यादेपर्यंत. त्यानंतर विनातारण धनको. आणि सगळ्यांत शेवटी भागधारक, म्हणजे मालक. शेवटच्या पंगतींना बहुधा रिकामी भांडीच बघायला मिळतात.

संघ विकला किंवा बंद झाला असता तर मारिओच्या हाती सव्वातीन कोटींतले किती आले असते, कोण जाणे. संघ दुसऱ्या गावी जाण्याचीही भीती होती. त्याने वेगळाच मार्ग काढला. आपल्या येण्यापैकी सुमारे दोन कोटी डॉलरचं रूपांतर त्याने संघाच्या मालकीत करून मागितलं, बाकीचे गुंतवणूकदार जमवले, आणि संघ पिट्सबर्गमध्येच ठेवण्याची योजना कोर्टापुढे मांडली. १९९९ च्या उन्हाळ्यात कोर्टाने ती मान्य केली. सप्टेंबर १९९९ मध्ये, ज्या संघाने पगार थकवला होता, त्याच संघाचा तो मालक झाला.

गंमत बघा. धनकोंच्या पंगतीतून उठून तो आपणहून शेवटच्या पंगतीला, भागधारकांच्या पंगतीला जाऊन बसला. हिशेबाच्या वहीत हे शहाणपणाचं दिसत नाही. पण स्वयंपाकघराचा ताबा आपल्याकडे आला तर भांड्यात काहीतरी शिजवता येईल, असा त्याचा विचार असावा.

शिजायला वेळ लागला. २७ डिसेंबर २००० रोजी, साडेतीन वर्षांनी, तो स्वतः पुन्हा बर्फावर उतरला. टोरांटोविरुद्धच्या त्या सामन्यात पहिल्या ३३ सेकंदांत त्याचा असिस्ट लागला. मालकच खेळतोय म्हटल्यावर तिकिटं खपायला कितीसा वेळ! त्याचा चार वर्षांचा मुलगा बापाला खेळताना कधी पाहू शकला नव्हता, हेही परतण्याचं एक कारण होतं. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत कॅनडाचा कर्णधार म्हणून त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं.

तरी संघाची तिजोरी रिकामीच होती. २००१ मध्ये यारोमिर यागरसारखा मोहरा दुसऱ्या संघाला द्यावा लागला. २००३-०४ मध्ये संघ पुन्हा तळाला गेला. २००५ मध्ये निवडीची सोडत लागली आणि सिडनी क्रॉस्बी हा कोवळा फॉरवर्ड पिट्सबर्गला आला. त्याला राहायला जागा कोणी दिली? मारिओने, स्वतःच्या घरी. अठराव्या वर्षी मारिओला एका कुटुंबाने ठेवून घेतलं होतं, ते ऋण त्याने असं फेडलं.

त्याच हंगामात मारिओच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. एट्रियल फिब्रिलेशन असं निदान झालं. जानेवारी २००६ मध्ये त्याने कायमची निवृत्ती जाहीर केली. एकूण ९१५ सामने, ६९० गोल, १७२३ गुण. या वेळी त्याने शरीराशी वाद घातला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये नव्या स्टेडियमचा करार झाला आणि २०१० मध्ये ते उघडलं. २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये, मारिओ मालक असताना, संघाने तीन स्टॅनली कप जिंकले. दिवाळखोरीतल्या धनकोंचं मुद्दलही संघाने फेडलं. २०२१ च्या अखेरीस संघाची बहुतांश मालकी फेनवे स्पोर्ट्स ग्रुपकडे गेली, ती सुमारे ९० कोटी डॉलरच्या किमतीवर, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. येणं वसूल झालं, पण त्याला बावीस वर्षं लागली.

मग आपण काय करायचं?

हे सगळं वाचून मी काकांना म्हटलं, "मारिओने कसं जमवलं बघा." काका म्हणाले, "त्याने जमवलं, कारण तो मारिओ होता. कोर्टात त्याच्या नावाला वजन होतं. तुझ्या नावाला कोण विचारतो? तू त्या रांगेत जाऊच नकोस." काकांचं बोलणं कडू असतं, पण खोटं नसतं.

म्हणून ज्यांना कोर्टात वजन नाही त्यांच्यासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, चार गोष्टी.

पहिली. आपलं कोणतं पैसं 'आहे' आणि कोणतं 'येणं आहे', याची दोन रकान्यांत यादी करा. ४०१-के खात्यातली तुमची रक्कम कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळ्या ट्रस्टमध्ये असते. कंपनी बुडाली तरी धनको तिला हात लावू शकत नाहीत. (ती रक्कम कंपनीच्याच शेअरमध्ये गुंतवली असेल तर मात्र शेअरबरोबर तीही बुडेल.) याउलट वरिष्ठांना मिळणारी डिफर्ड कॉम्पेन्सेशनची योजना, पुढे ढकललेला बोनस, अजून हाती न पडलेले शेअर, हे सगळं 'येणं'. योजनेचं नाव कितीही भारदस्त असो, कागदावर 'अनसिक्युअर्ड' शब्द शोधा. तो सापडला तर ती रक्कम घराच्या हप्त्याच्या किंवा मुलांच्या कॉलेजच्या हिशेबात धरू नका.

दुसरी. कंपनीने दिवाळं काढलंच तर आलेलं पत्र रद्दीत टाकू नका. 'प्रूफ ऑफ क्लेम' नावाचा अर्ज मुदतीत भरावा लागतो, मुदत चुकली तर हक्क गमावण्याची वेळ येते. अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत कमावलेल्या पगाराला अग्रक्रम असतो, आणि त्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून माणशी १७,१५० डॉलर आहे. माझा बोनस त्याआधीच्या वर्षाचा होता, म्हणून मी शेवटून दुसऱ्या पंगतीला.

तिसरी. आपली सगळ्यांत मोठी ठेव म्हणजे आपली कमावण्याची क्षमता, आणि ती शरीरावर अवलंबून आहे. मारिओला मोठा करार झाल्यावर तीन महिन्यांत कर्करोग निघाला. आपल्याकडे आयुर्विमा सगळे काढतात, पण डिसॅबिलिटी विम्याचं नाव काढलं की चेहरे कोरे होतात. बऱ्याच कंपन्यांचा दीर्घकालीन डिसॅबिलिटी विमा मूळ पगाराच्या साधारण ६० टक्के देतो. हप्ता कंपनी भरत असेल तर मिळणाऱ्या रकमेवर कर लागतो. आपल्याला हा विमा आहे का, एवढं तरी उद्या ऑफिसात विचारा. नोकरी गेली तर कोब्राखाली साधारण १८ महिने तोच आरोग्य विमा चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून जातो, तोही दोन टक्के जादा देऊन. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवाच. एच-१ वाल्यांना तर ही सूचना दोनदा वाचायला हवी.

चौथी. शरीराने पाठवलेली पत्रंही रद्दीत टाकू नका. हॉजकिन्स लिम्फोमा विशी-तिशीत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि लवकर सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकली, किंवा विनाकारण ताप, रात्री दरदरून घाम, वजन उतरणं असं काही जाणवलं, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेजवळ बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा. आणि छातीत धडधड अनियमित वाटली तर 'चहा जास्त झाला असेल' यावर समाधान मानू नका.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, आर्थिक सल्लागार तर मुळीच नाही. कोड लिहिणारा माणूस आहे. तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी त्या त्या जाणकाराला जरूर विचारा.

राहता राहिलं माझं येणं. वीस महिन्यांनी कोर्टाकडून चेक आला, ९४० डॉलरचा. त्यातून मी दोन गोष्टी केल्या. एक बरी खुर्ची घेतली. आणि काका-काकूंना घेऊन आम्ही पेंग्विन्सचा सामना बघायला गेलो. स्टेडियमबाहेर मारिओचा पुतळा आहे, दोन बचावपटूंच्या मधून निसटून जाणारा. काका त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठ बरी आहे ना आता? मग चल, जिने चढून जाऊ."